तंगडी कुणाच्या ताटात?



घाटकोपरच्या असल्फ्यातली आमच्या गटाची बैठक रविवारी दुपारी भरते. रविवार हा अनेक घरी कोंबडीचा दिवस. हाताला लसणाचा वास घेऊनच बायका येतात. एकदा सहज विचारलं, "आज तुमच्या वाट्याला काय आलं?" आधी हशा झाला. मग एकेक उत्तर आलं : मान, पंख, पाठीची हाडं, नुसता रस्सा. एक म्हणाली, "मला मानच आवडते, ताई." कधीपासून, असं विचारल्यावर तिनं सांगितलं, "लग्न झाल्यापासून."

पुढच्या बैठकीला मरोळची एक मैत्रीण अख्खी भाजलेली कोंबडी घेऊन आली. नाताळात तिच्या घरी होते तशी. सव्वा किलोची, कातडीसकट. कोंबडीवाल्याला तसं बजावून सांगावं लागतं. लसूण, मिरी, मीठ, कोथिंबीर आणि पुदिना लोण्यात कालवून कातडीखाली बोटांनी सारायचं. पोटात लसणाचा गड्डा आणि लिंबाच्या फोडी. रात्रभर फ्रिजमध्ये मुरवून ओव्हनमध्ये साधारण सव्वा तास भाजायची. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात, झाकण ठेवून, मंद आचेवर, अधूनमधून उलटत. मांडीच्या सांध्यात सुरी टोचून पाहायची; लालसर पाणी येत असेल तर अजून भाजायची.

कोंबडी मधोमध ठेवली आणि सगळ्या गप्प झाल्या. रश्श्याची वाटणी ओट्यापाशी, डावानं होते. कुणाला काय गेलं ते वाढणारीलाच ठाऊक. इथे तंगड्या दोनच आहेत हे सगळ्यांना दिसत होतं. कापणारीला विचारावंच लागलं, "कुणाला काय हवं?" मान आवडणारीनं बऱ्याच वेळानं ताट पुढे केलं आणि तंगडी मागितली.

एवढ्याशा गोष्टीवर संपादकीय कशाला, असं कुणी म्हणेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याच वयाचे पुरुष सुमारे २२ टक्के. पाळी, बाळंतपणं ही कारणं आहेतच. पण ज्या शरीराला लोह जास्त लागतं, त्याच्याच ताटात ते कमी पडतं. तंगडीत छातीच्या मांसापेक्षा लोह अधिक, कलेजीत त्याहून कितीतरी जास्त. आणि कलेजी कुणाला जाते, हे आपण जाणतोच.

डाव आपल्याच हातात असतो, म्हणून दोषही आपलाच, असं मात्र म्हणू नका. नवऱ्याला आधी, मुलाला मोठा तुकडा, स्वतःला उरेल ते, हे आपल्या आईनं तिच्या आईकडे पाहून शिकलेलं असतं. आज आपली मुलगी आपल्याकडे पाहते आहे. आणि मुलगाही पाहतो आहे.

तेव्हा येत्या रविवारी एवढंच करून पाहू. कोंबडी भाजलेली असो की रश्श्याची, पातेलं ओट्यावरून उचलून मधे ठेवायचं. सगळ्यांनी एकदम बसायचं, तीही बसेल. तंगड्यांची पाळी लावायची आणि त्या पाळीत तिचंही नाव घालायचं. मांस न खाणाऱ्या घरात हाच नियम दुधाला, तुपाला, उसळीला.

घरात काय बोलणं झालं, कोण रुसलं, ते आम्हाला जरूर लिहा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.