जमिनीचं बुडीत खातं

बँकेत तीस-पस्तीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली. कर्जाचं खातं बुडणार, हे खातेवहीत आधीच दिसत असतं. पाहणारा पान उलटून पुढे जातो, इतकंच.

मेक्सिको शहराचंही तसंच झालं. हे शहर जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेलं. विहिरींचा उपसा वाढला, तशी खालची चिकणमाती दबू लागली. १९१० साली उभारलेल्या स्वातंत्र्यस्तंभाभोवतीची जमीन इतकी खचली, की चौथऱ्याला १४ पायऱ्या जोडाव्या लागल्या. नाबोर कारियो या अभियंत्याने १९४७ मध्येच उपसा आणि खचणं यांचा हिशेब मांडला होता. पुढे मध्यवस्तीत नव्या विहिरींना बंदी आली. उपसा मात्र शहराच्या कडेला सरकला. आज उपग्रहांच्या मोजणीत काही भाग वर्षाला ५० सेंटिमीटरपर्यंत खचताना दिसतो.

खात्यातून काढलेले पैसे पुन्हा भरता येतात. दबलेली चिकणमाती मात्र पुन्हा फुगत नाही. पाणी साठवण्याची तिची जागाच जाते. शिल्लक संपते आणि तिजोरीही लहान होते.

भाकीत खरं ठरलं, यात समाधान कसलं? ते खोटं ठरावं, म्हणूनच तर हिशेब मांडायचा असतो.