आईचे दूध आणि ड्युटीचा तक्ता



आईच्या दुधाचा विषय संघटनेच्या पत्रिकेत कशाला, असे काहींना वाटेल. महागाई भत्ता, रिक्त पदे, बदल्या हे आपले नेहमीचे विषय. परंतु आज रुळांवर ट्रॅकवुमन आहे, टपाल वाटपाला पोस्टवुमन आहे. तिचे बाळ हाही कामगारांचाच प्रश्न आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात शंभरातील सुमारे ८९ बाळंतपणे दवाखान्यात होतात. तरीही पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळे शंभरात ४२ च. सहा महिन्यांच्या आतील बाळांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असलेली ६४. बाई दवाखान्यापर्यंत पोचली, पण योग्य सल्ला आणि साथ तिच्यापर्यंत पोचली नाही, असाच याचा अर्थ.

म्हशीच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. आईचा पहिला पिवळसर चीक मात्र 'खराब' म्हणून टाकला जातो. त्यातच बाळाला रोगापासून वाचवणारी शक्ती असते. मध चाटवणे, गुटी देणे, उन्हाळ्यात पाणी पाजणे हेही चालूच आहे. सहा महिने बाळाला पाण्याचीही गरज नसते. पण हे एकट्या गरोदर बाईला शिकवून भागत नाही. घरात शब्द चालतो सासूचा आणि नवऱ्याचा. म्हणून तपासणीच्या दिवशी रजा टाकून बायकोबरोबर जा आणि डॉक्टरांचे स्वतः ऐका.

आता ड्युटीकडे वळू. केंद्राच्या कायम महिला कर्मचाऱ्याला दोन अपत्यांपर्यंत १८० दिवसांची प्रसूती रजा २००८ पासून आहे. बाळंतपणाआधी महिनाभर रजा घेतली, तर बाळ पाच महिन्यांचे असतानाच हजर व्हावे लागते. पुढे बालसंगोपन रजा आहे, पण ती हक्क म्हणून मिळत नाही, मंजुरी लागते. स्टेशनावर झाडू मारणाऱ्या कंत्राटी भगिनीचे हाल याहून वाईट. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्याची सुट्टी दिली. २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर दिले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही कलमे आहेत. पण ठेकेदाराच्या हजेरीपुस्तकात त्यांना जागा कुठे आहे?

प्रत्येक शाखेने तीन मागण्या लावून धराव्यात. महिला काम करतात तिथे दार बंद होणारी, पाण्याची सोय असलेली एक खोली. अंगावर पाजणाऱ्या आईला घराजवळचे काम आणि रात्रपाळीतून सूट. कंत्राटी भगिनींना कायद्याप्रमाणे पगारी रजा मिळते की नाही, याची तपासणी. रेल्वेत पी.एन.एम.च्या आणि टपाल खात्यात प्रशासनाबरोबरच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे विषय लेखी द्या.

या मागण्यांना मोठा खर्च नाही. त्या मांडण्याची लाज मात्र आधी आपणच सोडली पाहिजे.