आरसा, अंधार आणि काजवे

घरात कॅमेरा घ्यायचा म्हटले, की मध्यमवर्गीय कुटुंबात दोन पक्ष पडतात. चिरंजीव म्हणतात, "डीएसएलआरच हवा." वडील म्हणतात, "खिशातला फोन काय वाईट आहे?" आणि गृहिणी हिशेबाची वही पुढे ओढते. या वादात मी एरवी पडलो नसतो. पण जूनच्या आरंभी राजूरला मुक्काम पडला आणि या वस्तूची नीट ओळख तिथे झाली.

राजूर हे अकोले तालुक्यातले, पेढ्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. तिथून भंडारदऱ्याकडे निघाले की कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचे रान लागते. मे अखेरीपासून पाऊस बसेपर्यंत तिथल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजव्यांचा लखलखाट असतो. तो टिपायला मुंबई-पुण्याचे हौशी लोक येतात. माझा भाचा त्यांतलाच.

दुपारी त्याने कॅमेऱ्याचे भिंग उतरवून मला आत डोकावू दिले. आत चक्क एक छोटा आरसा!

"मामा, सगळी गंमत या आरशात आहे," तो म्हणाला.

गंमत अशी. भिंगातून आलेला प्रकाश या तिरक्या आरशावर आपटून वर जातो, तिथल्या पैलूदार काचेतून वळतो आणि डोळ्याशी येतो. म्हणजे बघायलाही तेच भिंग आणि टिपायलाही तेच. काही जुन्या कॅमेऱ्यांत बघण्याची खिडकी भिंगाहून वेगळी असे. त्यामुळे जवळून फोटो काढताना नातेवाइकांची डोकी उडत! इथे ती भीती नाही. खटका दाबला की आरसा वर उडतो, मागचा पडदा उघडतो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. पूर्वी तिथे फिल्म असे. सेन्सरवर लक्षावधी बारीक घरे असतात. ज्या घरात जितका प्रकाश, तितका विद्युत्भार. त्याचे आकडे होतात आणि आकड्यांचे चित्र.

साध्या डीएसएलआरमधला सेन्सर सुमारे २२ ते २४ मिलिमीटर रुंद असतो. फोनमधला त्यामानाने फारच लहान. पावसात परात ठेवावी आणि वाटी ठेवावी, तसा हा फरक. अंधारात तो लगेच कळतो.

काजव्यांसाठी भाच्याने दिवस असतानाच झाडावर नेम धरून भिंगाचे कडे चिकटपट्टीने पक्के केले आणि कॅमेरा तिवईवर बसवला. मागचा पडदा बंद, फ्लॅश बंद. या कॅमेऱ्याच्या बघण्याच्या खिडकीत विजेचा पडदा नसतो, नुसती काच असते. त्यामुळे तिथून उजेड सांडत नाही. एकेक फोटो तीस सेकंदांचा. तेवढा वेळ आरसा वर असतो आणि खिडकी काळीकुट्ट! फोटो निघत असताना काढणाऱ्याने नुसत्या डोळ्यांनी झाड बघत बसायचे.

असे पुष्कळ फोटो पुढे संगणकावर एकावर एक रचतात. सोन्याने मढलेले झाड आपण चित्रात पाहतो ते त्यातून तयार होते. ते खोटे नाही, पण ती अर्ध्या-पाऊण तासाची बेरीज आहे. ती बेरीज एका क्षणात दिसावी म्हणून लोक मोटारी घेऊन येतात, दिवे रोखतात, विजेऱ्या पाजळतात. काजव्याचा उजेड म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. पंख फुटल्यावर त्याला थोडेच आठवडे मिळतात. मोटारीच्या झोतात ती साद बुडाली, तर पुढच्या पिढीचे काय?

आता बाजारभाव. १९९१ साली कोडॅकने पहिला डीएसएलआर विक्रीला काढला तेव्हा तो सामान्यांच्या आवाक्याबाहेर होता. २००३ साली कॅननने एक हजार डॉलरांच्या आत आणला. आता बिनआरशाच्या कॅमेऱ्यांचे दिवस आहेत. २०२० नंतर कॅनन आणि निकॉन यांनी नवा डीएसएलआर काढलेला नाही. पण खरा प्रकाश थेट डोळ्याला दिसतो, एका चार्जवर शेकडो फोटो निघतात आणि जुनी भिंगे चालतात, म्हणून त्याला धरून राहणारे अजून पुष्कळ आहेत.

तेव्हा वडीलमंडळींनो, चिरंजीवांचा हट्ट अगदीच वावगा नाही. वापरलेला डीएसएलआर बराच स्वस्त मिळतो. तो जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत तिवई घ्यावी. फ्लॅश घरच्या दिवाळीत खुशाल उडवा. काजव्यांची दिवाळी मात्र त्यांच्याच उजेडात होऊ द्या.