अभियंत्याचा परवाना आणि त्यातली पळवाट

अमेरिकेत 'प्रोफेशनल इंजिनिअर', म्हणजे पीई, हा परवाना राज्याचे मंडळ देते. मान्यताप्राप्त पदवी, मूलतत्त्वांची परीक्षा, बहुधा चार वर्षांचा अनुभव आणि मग व्यवसायाची परीक्षा, अशी त्याची वाट. पुण्या-मुंबईची पदवी घेऊन गेलेल्यांना बहुतेक ठिकाणी पदवीचे मूल्यमापनही करून घ्यावे लागते. आक्षेपकांच्या मते हा सारा खटाटोप धंद्यात इतरांना शिरू न देण्यासाठी आहे. पदवी असताना परवाना कशाला? निकृष्ट काम करणाऱ्याला बाजार आणि न्यायालये पाहून घेतील.

आक्षेप सरसकट खोटा नाही. ऑरेगनमध्ये एका पदवीधराने सिग्नलच्या पिवळ्या दिव्याचे गणित चुकल्याचे मंडळाला कळवले आणि स्वतःला अभियंता म्हटले, तर मंडळाने त्यालाच 500 डॉलर दंड केला. डिसेंबर 2018 मध्ये संघीय न्यायालयाने हा भाषणस्वातंत्र्याचा भंग ठरवला, ते योग्यच झाले. पण यातून एवढेच सिद्ध होते की बिरुदाची राखण करणे मंडळाला शोभत नाही. परवान्याचा मूळ हेतू वेगळा होता. वायोमिंगमध्ये पाण्याच्या हक्कांच्या अर्जांसोबतचे नकाशे वकील, नोटरी, वाटेल तो काढी आणि अभियंता म्हणून सही करी. त्यावर 1907 मध्ये अमेरिकेतला पहिला परवाना-कायदा आला.

बाजाराचा युक्तिवाद टेक्सासच्या न्यू लंडन गावात उघडा पडतो. खर्च वाचवण्यासाठी तिथल्या शाळेने तेलक्षेत्रातल्या टाकाऊ वायूच्या नळीला जोडणी घेतली. वायूला वास नव्हता. 18 मार्च 1937 रोजी इमारतीखाली साचलेल्या वायूचा स्फोट होऊन सुमारे 300 जण मेले, बहुतेक मुले. ती कुठल्या बाजारात निवड करणार होती? टेक्सासने त्याच वर्षी परवाना सक्तीचा केला.

न्यायालयांचे म्हणाल, तर 17 जुलै 1981 रोजी मिसूरीतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात टांगत्या मार्गिका कोसळून 114 माणसे गेली. मूळ आराखड्यात दोन मार्गिका एकाच अखंड दांड्यांवर लोंबायच्या होत्या. पोलादकाम करणाऱ्या कंपनीने सोयीसाठी दांड्यांचे दोन भाग केले. खालच्या मार्गिकेचे ओझे वरच्या तुळईला लटकले आणि तिथल्या जोडावरचा भार दुप्पट झाला. मूळचा जोडही नियमांत बसणारा नव्हता, ही आणखी एक गोष्ट. फौजदारी शिक्षा कोणालाच झाली नाही. मिसूरीच्या मंडळाने मात्र दोघा अभियंत्यांचे परवाने काढून घेतले. जोडाचे गणित पोलादवाल्यानेच करायचे असते, हा बचाव चालला नाही, कारण नकाशांवर शिक्का अभियंत्याचा होता. दोघांकडे पदव्या होत्याच. मंडळाला हिरावून घेता आला तो परवाना.

तेव्हा परवान्यात खोट असेलच, तर ती त्याच्या अपुरेपणात आहे. अनेक राज्यांत कंपनीच्या नोकरीतल्या अभियंत्यांना, काही ठिकाणी वायू-वीज कंपन्यांनाही, सूट असते. मॅसॅच्युसेट्सच्या लॉरेन्स परिसरात 13 सप्टेंबर 2018 रोजी जुनी बिडाची वायुवाहिनी बंद करण्यात आली. दाब मोजणाऱ्या नळ्या तिच्यावरच राहिल्या. त्यांना दाब पडल्याचे दिसले, त्यामुळे दाब-नियंत्रक उघडले आणि घरोघर जादा दाबाचा वायू शिरला. स्फोट झाले, आगी लागल्या, एक तरुण दगावला. कामाच्या आराखड्यावर परवानाधारकाचा शिक्का नव्हता, कारण कायद्याने तो लागतच नव्हता. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने ही सूट काढण्याची शिफारस केली. मॅसॅच्युसेट्सने त्याच वर्षअखेर कायदा बदलला. 2019 मध्ये सुरक्षा मंडळाने सूट असलेल्या इतर अनेक राज्यांनाही तेच सुचवले.