दादीचा एकच फोटो

करडीच्या आमच्या घरात दादीचा एकच फोटो आहे, तोही ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. डोक्यावर ओढणी आणि घाबरलेले डोळे. दादीची सात बाळंतपणं झाली, पण मांडीवर बाळ घेतलेला तिचा एकही फोटो नाही.

म्हणून एखादा मुरलेला वृत्तछायाचित्रकार गरोदर बायांचे, कुटुंबांचे फोटो काढू लागला की लोक ‘घसरला बिचारा’ म्हणतात, ते मला पटत नाही.

अमेरिकेचा युजीन स्मिथ दुसऱ्या महायुद्धाचे फोटो काढायचा. १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत तो जबर जखमी झाला. बऱ्याच महिन्यांनी पुन्हा कॅमेरा उचलला, तेव्हा त्याने टिपली झाडांच्या सावलीतून उजेडाकडे चालणारी स्वतःची दोन मुलं. पुढे १९५१ मध्ये ‘लाइफ’ मासिकासाठी त्याने मॉड कॅलन या कृष्णवर्णीय सुईणीचं काम टिपलं. ते फोटो पाहून वाचकांनी पैसे पाठवले आणि त्यातून तिचा दवाखाना उभा राहिला. बाळंतपणाचे फोटो हलकं काम, असं कोण म्हणेल?

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या तान्ह्या बाळांकडे देशाचे कॅमेरे वळले ते ९ जानेवारी २०२१ ला. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. ती बातमी, ते फोटो गरजेचेच होते. पण आपली बाळं फक्त दुर्घटनेतच जगाला दिसावीत का? आपल्या मोहल्ल्यांचंही तसंच. कॅमेरा येतो तो दंगलीला, बंदोबस्ताला, नाहीतर ईदच्या गळाभेटीला. मधले दिवस कोण टिपणार?

घरी विषय काढला की दोन हरकती येतात. पोटुशीला नजर लागेल, ही पहिली. तसबीर जायज नाही, ही दुसरी. तिच्यावर उलेमांमध्येच मतभेद आहेत. ज्यांना नको, त्यांना आग्रह नको. पण आधारसाठी, हजच्या पासपोर्टसाठी आपण फोटो देतोच ना? सरकारला चेहरा दाखवायचा आणि नातवंडांसाठी ठेवायचा नाही, हे मला उमगत नाही. अर्थात बाई नको म्हणाली, तर विषय संपला. फोटो तिचा, तो कोणी पाहायचा हेही तिनेच ठरवायचं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून आणखी एक सांगतो. फोनमधल्या हजारो फोटोंवर विसंबू नका. फोन बिघडतो, पासवर्ड विसरतो, सगळं जातं. निवडक फोटो छापा. मागे नावं, गाव, तारीख लिहा.

माझ्या बायकोला सातवा महिना लागलाय. या सुट्टीत करडीला अम्मीसोबत अंगणात तिचा फोटो काढायचाय. अम्मी तयार झाली आहे, पण एका अटीवर: स्टेटसला टाकायचा नाही, दादीच्या फोटोशेजारी लावायचा.