धावा कुणाच्या, कसोटी कॅप कुणाला?

भारतीय संघ जाहीर झाला की आपल्या नेहरू नगरातल्या मराठी घरांत दोन पक्ष पडतात. एक आकडेवाल्यांचा, दुसरा ‘आकडे ठेवा, खेळ बघा’ म्हणणाऱ्यांचा. त्यात आपण राहायला भोपाळचे आणि मनाने थोडे मुंबईचे!

2022 च्या रणजी अंतिम सामन्यात ही ओढाताण पुरती झाली. मुंबईकर चंद्रकांत पंडितांनी घडवलेल्या मध्य प्रदेशने मुंबईलाच हरवले. त्या हंगामात सर्वाधिक धावा सर्फराज खानच्या, 982. त्याखालोखाल आपल्या रजत पाटीदारच्या, 658. तरी फेब्रुवारी 2024 मध्ये इंग्लंडविरुद्ध विशाखापट्टणमला कसोटी पदार्पण आधी रजतचे झाले. तीन कसोटींत त्याला 63 धावाच करता आल्या. सर्फराज पुढच्या राजकोट कसोटीत आला आणि त्याने 62 व नाबाद 68 केल्या.

म्हणून निवड समिती चुकलीच, असे आम्ही म्हणणार नाही. इंग्लंड लायन्सविरुद्ध नुकत्याच रजतने 151 आणि सर्फराजने 161 धावा केल्या होत्या. ताजा फॉर्म दोघांचाही होता. मग अनेक हंगामांच्या धावांना वजन किती दिले? खटकते ते हे, की निवड समिती ते सांगत नाही. पद्माकर शिवलकर 589 बळी घेऊनही कसोटी खेळले नाहीत, पण त्यांच्या वाटेत बेदी होते, एवढे तरी सगळ्यांना दिसत होते. पहाटे मुलांना नेटवर सोडणाऱ्या आपल्या आईबाबांना निवडीची हमी नको आहे. वगळल्याचे कारण मात्र हवे.