एक नाव, दोन विद्या आणि न वाचणारी व्यवस्था

एखाद्या प्राध्यापकाची प्रकाशनसूची हाती यावी. पहिल्या पानावर गोड्या पाण्यातील शिंपल्यांच्या श्वसनक्रियेवर तापमानाचा होणारा परिणाम, आणि पान उलटताच मायक्रोचिपच्या रचनेत वीज वाचविण्याची पद्धत! लेखकाचे नाव मात्र दोन्हीकडे तेच. अशी सूची पाहून काहीजण चकित होतात, ‘केवढा हा व्यासंग!’ म्हणून हात जोडतात. काहीजण गालातल्या गालात हसतात आणि ‘कुठून तरी विकत घेतले असणार’ असे म्हणून मोकळे होतात. स्तुती आणि निंदा यांत येथे फारसे अंतर नाही. दोहोंपैकी कोणीही त्या सूचीतील एकही निबंध वाचलेला नसतो. आपल्या उच्च शिक्षणाचे खरे दुखणे नेमके येथे आहे.

जालन्यासारख्या जिल्ह्यात असा प्रसंग उद्भवणे मुळीच अशक्य नाही. गोदावरी, दुधना, पूर्णा या नद्यांचा हा प्रदेश. संभाजीनगरच्या मराठवाडा विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या अभ्यासाची एक भक्कम परंपरा निर्माण झाली. प्रा. आर. नागभूषणम् आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी खेकडे, शिंपले यांसारख्या जलचरांच्या शरीरक्रियांवर दीर्घकाळ संशोधन केले. नदीच्या पात्रात सापडणारा शिंपला आणि शेताच्या बांधावर बिळे करणारा खेकडा हीच या अभ्यासाची साधने होती. त्यामुळे तालुक्याच्या गावातील महाविद्यालयातही थोड्या साधनांनिशी प्रामाणिक संशोधन करणे शक्य झाले. दुसरीकडे गेल्या तीन दशकांत अभियांत्रिकी महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. चिपचा आराखडा संगणकावर बसूनही करता येतो. त्यामुळे त्या विषयाचे निबंधही याच भूमीतून लिहिले जाऊ लागले. मग मासा आणि चिप एका नावाखाली कसे येतात?

पहिली शक्यता सर्वांत साधी आहे, म्हणूनच ती सर्वांत आधी विसरली जाते. ती माणसे दोन असतात, नाव एक असते. आपल्याकडे नाव म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. या तीन शब्दांत माणूस, त्याचे घर आणि त्याचे कुळ सामावलेले असते. इंग्रजी नियतकालिकात जाताना त्यातील पहिले दोन शब्द गळून केवळ दोन आद्याक्षरे उरतात, काही ठिकाणी तर एकच. संजय, सुनील, संतोष, सुरेश, सविता हे सारे एका रोमन अक्षरात विलीन होतात. जाधव, शिंदे, पवार, पाटील, देशमुख ही आडनावे तर महाराष्ट्रात गावोगाव आहेत. संगणकीय सूची तयार करणाऱ्या यंत्राला परतूरचे प्राणिशास्त्राचे जाधव आणि पुण्याचे इलेक्ट्रॉनिक्सचे जाधव यांतील भेद कळावा कसा? ते दोघांची पोतडी एकत्र बांधते. ज्याने आयुष्यभर शिंपल्यांचा अभ्यास केला, त्याच्या पदरात चिपचे निबंध पडतात. त्याला ठाऊकही नसते आणि मुलाखतीच्या वेळी समितीतील एखादे सदस्य भुवया उंचावतात.

हा प्रश्न केवळ आपला नाही. चीनमध्ये वांग, ली आणि झांग या तीन आडनावांचीच माणसे पंचवीस कोटींहून अधिक आहेत. रोमन लिपीत चिनी नावांतील स्वरभेद पुसले जातात आणि भिन्न नावांची माणसे एकच दिसू लागतात. २००७ साली अमेरिकेतील ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नामवंत पत्रिकासमूहाने यावर एक उपाय स्वीकारला. लेखकांनी रोमन नावासोबत आपले नाव चिनी, जपानी वा कोरियन लिपीतही छापावे, अशी मुभा त्याने दिली. ज्यांना आपल्या नावाची चाड होती, त्यांच्या नावासाठी जगाने जागा केली. देवनागरीत आपले पूर्ण नाव छापून यावे, असा आग्रह आपल्या किती विद्यापीठांनी धरला? स्वभाषेचा अभिमान हा केवळ संमेलनाच्या व्यासपीठावरून सांगण्याचा विषय नाही. नाव ही माणसाची पहिली ओळख. ती दुसऱ्याच्या सोयीसाठी तोडून दिली की पुढचा गोंधळ आपणच ओढवून घेतलेला असतो. २०१२ पासून संशोधकांसाठी ‘ऑर्किड’ नावाची सोळा अंकांची जागतिक ओळखसंख्या उपलब्ध आहे आणि ती विनामूल्य मिळते. ती प्रत्येकाने घ्यावीच. तथापि, अंक हा नावाला पर्याय नव्हे.

दुसरी शक्यता अशी की, तो माणूस खरोखरच एक आहे आणि त्याची बुद्धी दोन्ही प्रांतांत संचार करणारी आहे. अशा माणसाची या देशाला कधीच वाण नव्हती. आचार्य जगदीशचंद्र बसू यांचे उदाहरण येथे अत्यंत समर्पक ठरते. विद्युल्लहरी टिपण्यासाठी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरणाऱ्या त्यांच्या साधनाला १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. अर्धवाहक पदार्थावर आधारलेल्या साधनाचे ते जगातील पहिले पेटंट मानले जाते. आजच्या प्रत्येक चिपचे कूळ अर्धवाहकांतच आहे. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेल्या वॉल्टर ब्रॅटन यांनीही १९५५ साली अर्धवाहक संशोधनाच्या इतिहासात बसूंच्या या कार्याची नोंद घेतली. तेच बसू त्याच काळात सजीवांच्या प्रतिसादाकडे वळले होते. १९०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांनी आपले प्रयोग मांडले, तेव्हा बर्डन सँडरसन या ज्येष्ठ शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. भौतिकीच्या माणसाने भौतिकीतच राहावे, असा त्याचा आशय होता. सोसायटीने त्यांचा निबंध प्रसिद्ध न करता दप्तरी ठेवला. बसू मागे हटले नाहीत. भगिनी निवेदिता त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या ग्रंथलेखनालाही निवेदितांचे साह्य लाभले. त्याच रॉयल सोसायटीने १९२० साली बसूंना आपले सदस्यत्व दिले. केवळ विषय दोन आहेत म्हणून संशय घेण्याची वृत्ती बर्डन सँडरसनच्या वारशातली आहे. ती आपण का चालवावी?

जलचर आणि चिप यांचे नाते तर आणखी निकटचे आहे. कोकण किनाऱ्यावर ज्याला माकूल म्हणतात, त्या स्क्विड जातीच्या प्राण्याच्या शरीरात एक असामान्य जाड चेतातंतू असतो. इतर प्राण्यांत सूक्ष्मदर्शकाविना न दिसणारा हा तंतू त्याच्यात नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्यात विद्युतअग्र सरकवून ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ले यांनी संदेश कसा वाहतो याची मोजमापे घेतली आणि १९५२ साली त्याचे गणित मांडले. १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे अमेरिकेत कार्व्हर मीड यांच्या प्रयोगशाळेत जीवशास्त्राची विद्यार्थिनी मिशा महोवाल्ड हिने चिपवर डोळ्याच्या पडद्याची प्रतिकृती घडवली. १९९१ साली तिने आणि रॉडनी डग्लस यांनी सिलिकॉनची चेतापेशी उभी केली. म्हणजे समुद्रातील एका प्राण्याच्या चेतातंतूपासून निघालेली विचारांची वाट थेट चिपपर्यंत पोहोचली. जलचरांचे शरीरशास्त्र आणि चिपचे अभियांत्रिकी शास्त्र एकाच बुद्धीत नांदणे अस्वाभाविक नाही. मात्र अशा संशोधनात एक सूत्र दिसते. एका प्रश्नातून दुसरा प्रश्न जन्मतो, साधने बदलतात, सहकारी बदलतात, आणि तो प्रवास निबंधांतून वाचता येतो.

तिसरी शक्यता लज्जास्पद आहे, पण ती झाकून चालणार नाही. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदोन्नतीसाठी गुणांकन पद्धती आणली. हेतू चांगला होता. शिक्षकाने लिहिते राहावे, असा होता. परंतु निबंधाला गुण मिळतात म्हटल्यावर निबंधांचा बाजार भरला. ज्या प्राध्यापकाला आठवड्याचे तास, परीक्षेच्या उत्तरपत्रिका, निवडणुकीची कामे यांतून मान वर काढायला सवड नाही, ज्याच्या महाविद्यालयात धड प्रयोगशाळा नाही, त्याच्याकडून वर्षाकाठी निबंध मागितले गेले. मग पैसे घेऊन काहीही छापणारी ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिके भाड्याच्या खोल्यांतून निघू लागली. सहलेखक म्हणून नाव घालण्याचे दर ठरले. अशा ठिकाणी विषयाला किंमत नसते. आज माशाच्या निबंधात जागा मिळाली, उद्या चिपच्या निबंधात मिळाली, दोन्हीला गुण सारखेच!

हा केवळ तर्क नव्हे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील प्रा. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठांच्या शिफारशींवरून आयोगाच्या मान्य यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ नियतकालिके त्यांनी कसोटीवर घासली, त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. २०१९ मध्ये ‘केअर’ नावाची नवी यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता कोणते नियतकालिक विश्वासार्ह हे त्या त्या संस्थेने ठरवायचे आहे. वरून यादी येईल आणि आपण खूण करू, हा मार्ग संपला. जबाबदारी महाविद्यालयाच्या दारात येऊन बसली आहे.

म्हणूनच हा विषय केवळ प्राध्यापकांचा उरत नाही. गावोगावच्या शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीत आपल्यापैकी अनेकजण आहेत. अनेकांची मुले या महाविद्यालयांत शिकतात. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० विद्याशाखांच्या भिंती पाडू पाहते. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने इलेक्ट्रॉनिक्स शिकावे, असे ते सांगते. हे स्वागतार्हच आहे. परंतु खरी बहुविद्याशाखीयता आणि विकत घेतलेली बहुविद्याशाखीयता यांतील भेद ओळखणारी दृष्टी आपल्यापाशी नसेल, तर धोरणाचा लाभ बाजारवाले उचलतील आणि प्रामाणिक अभ्यासक उपहासाचा धनी होईल. माणसे घडविणे हे ज्यांनी कार्य मानले, त्यांना हे परवडणारे नाही.

उपाय खर्चिक नाहीत. निवड आणि पदोन्नतीच्या वेळी निबंधांची संख्या विचारण्याऐवजी प्राध्यापकाने स्वतः निवडलेले तीन निबंध मागवावेत आणि समितीतील जाणकारांनी ते वाचूनच आसनस्थ व्हावे. प्रत्येक निबंधात आपला वाटा कोणता, हे लेखकाला समोरासमोर विचारावे. शिंपल्याचे श्वसन स्वतः मोजलेला माणूस त्यावर अर्धा तास सहज बोलतो. नाव विकत घेतलेला माणूस दुसऱ्या प्रश्नाला अडखळतो. सूचीत नामसाधर्म्याने घुसलेले परके निबंध काढून टाकण्याची संधी शिक्षकाला आधी द्यावी आणि चौकशी मगच करावी. महाविद्यालयाने वर्षातून एकदा आपल्या प्राध्यापकांचे संशोधन गावासमोर मराठीत मांडण्याचा कार्यक्रम करावा. गोदाकाठच्या मच्छीमाराला आणि शेतकऱ्याला ते ऐकण्याचा अधिकार आहे.

समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब हे याच जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला आणि पढतमूर्खाची लक्षणे सांगण्यासाठी दुसरा. अक्षर नेटके असावे इथपासून शहाण्या दिसणाऱ्या मूर्खापासून सावध राहावे इथपर्यंत त्यांनी समाजाला शिकवले. आज पढतमूर्खाच्या लक्षणांत एकाची भर घालावी लागेल: जो न वाचता मोजतो आणि मोजून तोलतो. मासा आणि चिप एका नावाखाली दिसले की टाळी वाजवू नये, बोटही दाखवू नये. पहिले पान उघडावे आणि वाचावे. नाव कोणाचे आणि विद्या कोणाची, याचे उत्तर तेथेच मिळेल.